बालकांचे डॉक्टर कोर्चाक

पोलंड देशाची राजधानी वॉर्सा. या शहरातील क्रोखमाल्ना नावाच्या रस्त्यावर १९१२ साली एक मोठी इमारत उभी राहिली. रस्ता गरिबांच्या वस्तीचा होता. अंधाऱ्या खोल्या, ओलसर तळघरे आणि दाटीवाटीने राहणारी कुटुंबे असे त्या भागाचे रूप होते. अशा ठिकाणी बांधलेल्या या प्रशस्त, हवेशीर इमारतीत सुमारे शंभर यहुदी मुलामुलींना राहावयास आणण्यात आले. त्यांच्यापैकी अनेकांचे आई किंवा वडील वारले होते. इमारतीचे नाव होते ‘अनाथांचे घर’; परंतु या घराची तऱ्हा इतर अनाथाश्रमांहून अगदी निराळी होती. येथे मुलांचे स्वतःचे न्यायालय होते, मुलांचे वृत्तपत्र होते, पुढे मुलांची संसदही स्थापन झाली. हे घर ज्यांनी घडविले, त्या थोर पुरुषाचे नाव यानुश कोर्चाक.

कोर्चाक यांचे मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मिट. वॉर्सातील एका सुखवस्तू यहुदी कुटुंबात २२ जुलै रोजी त्यांचा जन्म झाला. वडिलांनी जन्माची नोंद वेळेवर केली नाही. त्यामुळे ते साल १८७८ की १८७९ याचा निश्चित उलगडा झाला नाही. त्या काळी वॉर्सावर रशियाच्या झारचा अंमल होता. हेन्रिकचे वडील वकील होते. घरी कशाची वाण नव्हती. परंतु अंगणात खेळणाऱ्या गरीब मुलांत मिसळण्याची त्याला मोकळीक नव्हती. खिडकीशी बसून तो त्यांच्याकडे पाहत राही. जगातील सारा पैसा फेकून दिला, तर कोणी मूल उपाशी आणि मळके राहणार नाही, अशी आपली योजना पाच वर्षांच्या हेन्रिकने एकदा आजीला विश्वासात घेऊन सांगितली होती.

त्याच वयात त्याचा लाडका कॅनरी पक्षी मरण पावला. हेन्रिकने त्याला अंगणातील झाडाखाली पुरले आणि त्यावर लाकडाचा एक लहानसा क्रूस रोवावयाचे ठरविले. तेव्हा रखवालदाराच्या मुलाने त्याला हटकले. पक्षी यहुदी होता, क्रूस त्याच्यासाठी नव्हे. आणि हेन्रिक स्वतःही यहुदीच आहे, असे त्याने बजावले. माणसामाणसांत भिंती असतात, हे त्या बालकाला त्या दिवशी प्रथम कळले. मोठ्यांच्या दृष्टीने ही गोष्ट क्षुल्लक होती. पण हेन्रिक ती जन्मभर विसरला नाही. मुलाचे दुःख लहान नसते, ही जाणीव त्याच्या मनात तेव्हापासूनच रुजली असावी.

शाळेत त्याला आनंद लाभला नाही. तेथील शिस्त कडक होती आणि मुलांना मार बसत असे. पुढे वडिलांना मानसिक आजार जडला. उपचारांत घरातील पैसा संपला आणि १८९६ साली वडील वारले. हेन्रिक शिकवण्या करून संसाराला हातभार लावू लागला. लेखनाची त्याला आवड होतीच. १८९८ साली एका नाट्यलेखन स्पर्धेसाठी त्याने यानुश कोर्चाक हे टोपणनाव घेतले. एका पोलिश कादंबरीतील नायकाचे हे नाव पुढे त्याचेच होऊन गेले.

साहित्याची ओढ असतानाही कोर्चाक यांनी वैद्यकाचा अभ्यास पत्करला. १९०५ साली ते डॉक्टर झाले आणि वॉर्सातील यहुदी बालरुग्णालयात काम करू लागले. गरिबांची मुले ते नाममात्र मोबदल्यात तपासत. त्यांचा लौकिक वाढला. धनिकांच्या घरून बोलावणी येऊ लागली. परंतु त्यांच्या मनाला समाधान नव्हते. रुग्णालयात बरे झालेले मूल पुन्हा त्याच ओलसर तळघरात, त्याच उपासमारीकडे परत जाई. औषधाने ताप उतरे; पण मुलाची उपेक्षा कोणत्या औषधाने दूर व्हावी, हा प्रश्न त्यांना सतावू लागला.

याच सुमारास सुट्टीच्या दिवसांत गरीब मुलांना खेड्यातील मोकळ्या हवेत नेणाऱ्या शिबिरांवर ते देखरेखीस जात. आरंभी मुलांचा दंगा आवरण्यासाठी त्यांनी धाक दाखवून पाहिला, आणि त्याची त्यांना लाज वाटली. मग एके दिवशी रानात सर्वांबरोबर बसून त्यांनी मुलांचे म्हणणे विचारले. मुले मोकळेपणाने बोलू लागली. त्यांच्या बोलण्यात शहाणपण होते, न्यायबुद्धी होती. मुलांना उद्देशून बोलणे वेगळे आणि मुलांशी बोलणे वेगळे, हा धडा डॉक्टर त्या रानात शिकले.

१९१२ साली अनाथांचे घर सुरू झाले, तेव्हा रुग्णालयातील नोकरी सोडून कोर्चाक तेथे राहावयास गेले. माळ्यावरील एक खोली हेच त्यांचे बिऱ्हाड. त्यांनी विवाह केला नाही. ही मुले हाच त्यांचा संसार झाला. स्टेफानिया विल्चिन्स्का या सुविद्य बाई प्रारंभापासून त्यांच्या सहकारी होत्या. घराचा दैनंदिन कारभार मुख्यतः त्यांच्याच दक्षतेने चाले.

पहिले वर्ष फार कठीण गेले. नव्या घराचे नियम मुलांना जाचक वाटत. ती हट्टाने उलट वागत. शिक्षा करून त्यांना वठणीवर आणणे सोपे होते. परंतु डॉक्टरांनी निराळा मार्ग धरला. रोग्याला औषध देण्यापूर्वी वैद्य त्याची प्रकृती पाहतो. तसेच शिक्षकाने मुलाला वळण लावू पाहण्यापूर्वी ते मूल कसे आहे हे पाहावे, असे त्यांचे मत होते. दर आठवड्यास ते प्रत्येक मुलाचे वजन करीत, उंची मोजीत आणि त्याच वेळी त्याच्याशी दोन शब्द बोलत. रात्री मुले निजली म्हणजे कोण शांत झोपले आहे, कोण झोपेत दचकते आहे, याची ते टिपणे ठेवीत. एक मूल बडबडे, दुसरे अबोल. एकाला माणसांचा सहवास हवा, दुसऱ्याला एकांत. सर्वांना एकाच साच्यात ओतणे त्यांना अन्यायाचे वाटे. बर्चच्या झाडाने ओक व्हावे, असा हट्ट माळी धरीत नाही. मग शिक्षकाने तरी तो का धरावा, असा त्यांचा विचार होता.

या विचाराप्रमाणे घरातील लहानसहान गोष्टींची रचना झाली. प्रत्येक मुलाला स्वतःच्या वस्तू ठेवण्यासाठी एक खण मिळाला. दोरीचा तुकडा, गुळगुळीत खडा, वाकलेला खिळा, जुने तिकीट अशा वस्तू मोठ्यांना केरासारख्या वाटतात. परंतु मुलाच्या दृष्टीने ती संपत्ती असते. त्या संपत्तीला हात लावण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. घरातील कामेही मुलेच करीत. कोणी भोजनाची मेजे मांडी, कोणी जिने झाडी, कोणी पुस्तके सांभाळी, कोणी लहानांना अभ्यासात मदत करी. आपल्याला कोणते काम आवडते आणि साधते, हे मुलाने स्वतः शोधावे, अशी मोकळीक होती. केरसुणी अडगळीत न लपविता डॉक्टरांनी ती दर्शनी जागी ठेवविली. कारण स्वच्छ पुसलेले मेज हे नीट लिहिलेल्या पानाइतकेच मोलाचे आहे, असे ते मानीत.

नवे मूल आले की एक मोठे मूल तीन महिने त्याचा पालक होई. त्याला घराची रीत समजावून सांगणे, त्याची काळजी वाहणे हे पालकाचे काम. पुष्कळदा खोडकर म्हणून प्रसिद्ध असलेले मूलच उत्तम पालक ठरे. आपल्यावर कोणी विश्वास टाकला आहे, हे कळताच त्याच्यातील सुप्त चांगुलपणा जागा होई.

डॉक्टरांची पैज लावण्याची पद्धतही अशीच गमतीची होती. भांडखोर मुलगा त्यांच्याकडे येऊन या आठवड्यात आपण किती भांडणे करणार याचा आकडा सांगे. एकदम एकही भांडण न करण्याची प्रतिज्ञा डॉक्टर मान्य करीत नसत. कारण ती मोडणार हे त्यांना ठाऊक होते. आकडा थोडाथोडा कमी करीत जावा, एवढीच त्यांची अपेक्षा असे. आठवड्याच्या शेवटी मूल स्वतःच हिशेब देई. पैज जिंकली तर मिठाई मिळे. मुलाच्या शब्दावाचून दुसरा पुरावा डॉक्टर मागत नसत.

मुलांना आठवणीसाठी चित्रांची पत्रेही मिळत. हिवाळ्यात घंटा होताच उठणाऱ्याला हिमाच्छादित देखाव्याचे चित्र मिळे, पुष्कळ बटाटे सोलणाऱ्याला फुलांचे. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास घर सोडून जाणाऱ्याला सर्वांच्या सह्या केलेले, निळ्या नाजूक फुलांचे चित्र देत. ही बक्षिसे नव्हती. आपण कोणता प्रयत्न केला, याची ती साठवण होती.

या घरातील सर्वांत विलक्षण संस्था म्हणजे मुलांचे न्यायालय. ज्यांच्यावर त्या आठवड्यात एकही खटला नाही, अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडले जात. कोणीही कोणावर फिर्याद करू शके. मूल मुलावर, मूल शिक्षकावर, आणि स्वतःच स्वतःवरही. न्यायालयासाठी डॉक्टरांनी कायद्याचे पुस्तक रचले. त्यातील पहिली नव्याण्णव कलमे क्षमेची किंवा खटला काढून टाकण्याची होती. कोणाला हेतू वाईट नव्हता म्हणून क्षमा, कोणाला नकळत घडले म्हणून क्षमा, कोणाला आता तो सुधारेल या आशेने क्षमा. शंभराव्या कलमापासून पुढे दोषाची नोंद होई. आणि शेवटचे हजारावे कलम घरातून निरोप देण्याचे होते. ते क्वचितच वापरावे लागे. न्यायालयाचा आरंभही सुरळीत झाला नाही. मुलांनी त्याची थट्टा मांडली, तेव्हा काही आठवडे ते बंद ठेवावे लागले. डॉक्टरांनी नियमांत सुधारणा करून ते पुन्हा सुरू केले.

या न्यायालयापुढे खुद्द डॉक्टरही उभे राहिले. एका मुलाचा कान उपटला म्हणून, एकाला कोपऱ्यात उभे केले म्हणून, एका मुलीवर चोरीचा खोटा संशय घेतला म्हणून, अशा कारणांसाठी सहा महिन्यांत पाच वेळा त्यांनी स्वतःवरच खटले भरले. लहान न्यायाधीशांनी त्यांचा निवाडा केला आणि तो त्यांनी नम्रपणे मान्य केला. कायदा मोठ्यांनाही बांधतो, हे मुलांनी प्रत्यक्ष पाहिले. भाषणापेक्षा या उदाहरणाचा परिणाम अधिक खोल झाला.

पहिल्या महायुद्धात कोर्चाक यांना लष्करी डॉक्टर म्हणून आघाडीवर जावे लागले. त्या धामधुमीतही ते आपले अनुभव लिहून काढीत होते. मुलावर प्रेम कसे करावे, या विषयावरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ असा युद्धाच्या छावणीत तयार झाला. युद्धानंतर पोलंड स्वतंत्र झाले. मारिया फाल्स्का या विदुषीबरोबर त्यांनी १९१९ साली पोलिश मुलांसाठी ‘आमचे घर’ नावाचा दुसरा आश्रम उभारण्यास साहाय्य केले. १९२३ च्या सुमारास त्यांची ‘राजा माचूश पहिला’ ही मुलांसाठी लिहिलेली कादंबरी प्रसिद्ध झाली. लहानपणीच गादीवर आलेला एक राजा मुलांच्या हाती राज्याचा कारभार देऊ पाहतो. त्यात त्याच्या चुका होतात, पराभव होतो आणि शेवटी त्याला एका निर्जन बेटावर पाठविण्यात येते. ही गोष्ट मुलांना हसविते आणि विचारही करावयास लावते.

अनाथांच्या घरात दर शनिवारी मुलांचे वृत्तपत्र मोठ्याने वाचले जात असे. मुलांना सांगण्यासारखे पुष्कळ असते, हे त्यावरून डॉक्टरांना पटले होते. म्हणून ९ ऑक्टोबर १९२६ पासून वॉर्सातील एका यहुदी दैनिकाची पुरवणी म्हणून त्यांनी मुलांचे साप्ताहिक सुरू केले. त्याचे नाव ‘लहान समालोचन’. हे पत्र मोठ्यांनी मुलांसाठी लिहिलेले नव्हते. ते मुलांनीच लिहिलेले होते. पोलंडच्या गावोगावची मुले आपल्या शाळेविषयी, खेळांविषयी, आपल्यावर झालेल्या अन्यायाविषयी लिहून पाठवीत. हस्ताक्षर वाईट असले किंवा शुद्धलेखन कच्चे असले, तरी कोणी लाजू नये. ज्याला लिहिता येत नाही त्याने कचेरीत येऊन तोंडी सांगावे, अशी सोय होती. अनेक मुलांना आपल्या लेखणीची ओळख या पत्रामुळे झाली. तेरा वर्षे हे साप्ताहिक चालले. त्याचा शेवटचा अंक १ सप्टेंबर १९३९ रोजी निघाला. त्याच दिवशी जर्मन सैन्य पोलंडमध्ये घुसले.

त्यापूर्वीच यहुद्यांविषयीचा द्वेष वाढू लागला होता. आकाशवाणीवर ‘म्हातारे डॉक्टर’ या नावाने कोर्चाक मुलांशी गप्पागोष्टी करीत आणि त्या फार लोकप्रिय झाल्या होत्या. परंतु वक्ता यहुदी आहे म्हणून १९३६ साली तो कार्यक्रम बंद करण्यात आला. १९३४ आणि १९३६ साली ते पॅलेस्टाइनला जाऊन आले होते. तेथेच राहावे असा विचारही त्यांच्या मनात आला. पण मुलांना सोडून जाणे त्यांना जमले नाही. स्टेफानियाबाई तर तेथे राहत असूनही १९३९ साली युद्धाची चिन्हे दिसत असताना वॉर्सास परत आल्या.

१९४० साली जर्मन सत्ताधीशांनी वॉर्सातील यहुद्यांना शहराच्या एका लहानशा भागात कोंडून भोवती भिंत घातली. अशा बंदिस्त वस्तीला घेटो म्हणतात. चार लाखांहून अधिक माणसे तेथे दाटीने राहू लागली. भूक आणि रोगराई यांनी रोज शेकडो माणसे मरू लागली. अनाथांचे घरही भिंतीच्या आत हलविणे भाग पडले. त्या वेळी मुलांसाठी आणलेली बटाट्यांची गाडी शिपायांनी हिसकावून घेतली. डॉक्टर थेट अधिकाऱ्यांकडे दाद मागावयास गेले. यहुद्यांनी दंडावर बांधावयाची सक्तीची पट्टीही त्यांनी बांधली नव्हती. त्यांना मारहाण झाली आणि काही आठवडे तुरुंगात काढावे लागले.

सुटका झाल्यावर साठी ओलांडलेले, आजारी डॉक्टर खांद्यावर पिशवी घेऊन दारोदार धान्य मागत हिंडू लागले. घरातील मुलांची संख्या आता सुमारे दोनशे झाली होती. तरीही घराचा क्रम मोडला नाही. कामांच्या पाळ्या चालू होत्या, न्यायालय भरत होते, मुले रोजनिशी लिहून डॉक्टरांना वाचावयास देत होती. बाहेर माणसाला किडामुंगीचीही किंमत उरली नव्हती. घरात मात्र प्रत्येक मुलाचे नाव, त्याची आवड आणि त्याचा शब्द यांना पूर्वीइतकाच मान होता.

१८ जुलै १९४२ रोजी या मुलांनी एक नाटक करून दाखविले. ते नाटक होते आपल्या रवींद्रनाथ टागोरांचे ‘डाकघर’. टागोर वारले त्याला तेव्हा वर्षही पुरे झाले नव्हते. या नाटकातील अमल हा मुलगा आजारी आहे. वैद्याने त्याला घराबाहेर पडण्याची मनाई केली आहे. तो खिडकीशी बसून दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी, फुले वेचणाऱ्या सुधाशी बोलतो आणि राजाच्या पत्राची वाट पाहतो. शेवटी तो शांतपणे झोपी जातो. हजारो मैल दूर असलेल्या बंगालमधील तो बालक भिंतीआड कोंडलेल्या मुलांना आपल्यातलाच वाटला असेल, यात नवल नाही. येणाऱ्या मृत्यूचे भय मुलांच्या मनातून दूर व्हावे, या हेतूने डॉक्टरांनी हे नाटक निवडले, असे मानले जाते.

चारच दिवसांनी, २२ जुलैला, म्हणजे डॉक्टरांच्या वाढदिवशी, घेटोतील लोकांना आगगाडीत भरून ट्रेब्लिंका येथील मृत्यूच्या छावणीत नेण्यास सुरुवात झाली. पोलिश मित्रांनी कोर्चाक यांना गुप्तपणे बाहेर काढण्याची तयारी अनेकदा दाखविली होती. प्रत्येक वेळी त्यांनी नकार दिला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अनाथांच्या घराची पाळी आली. मुले रांगेने बाहेर पडली. डॉक्टर त्यांच्याबरोबर चालले. स्टेफानियाबाई आणि इतर शिक्षकही चालले. शहरातील रस्त्यांवरून ती लहान पावले स्थानकापर्यंत गेली. त्यांच्यापैकी कोणीही परत आले नाही.

युद्ध संपले. घेटोत असताना डॉक्टरांनी लिहिलेली रोजनिशी वाचली आणि प्रसिद्ध झाली. मुलाला सन्मान मिळण्याचा हक्क आहे, हे कोर्चाक यांनी १९२९ च्या सुमारास एका लहान पुस्तकात मांडले होते. त्या वेळी अनेकांना तो विचार चमत्कारिक वाटला. पुढे १९७८ साली त्यांच्याच मायभूमीने, पोलंडने, मुलांच्या हक्कांचा करार करण्याची सूचना संयुक्त राष्ट्रसंघापुढे ठेवली. २० नोव्हेंबर १९८९ रोजी तो करार संमत झाला. १९९२ साली भारतानेही तो स्वीकारला. आपल्याशी संबंध असलेल्या गोष्टींत मुलाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, हे तत्त्व त्या करारात आहे. क्रोखमाल्ना रस्त्यावरील घरात ते कित्येक वर्षे आधी आचरणात आले होते.

ट्रेब्लिंका येथे आज हजारो ओबडधोबड दगड उभे आहेत. कित्येक दगडांवर तेथे नाहीशा झालेल्या लोकांच्या गावांची नावे कोरली आहेत. व्यक्तीचे नाव मात्र एकाच दगडावर आहे. ते नाव यानुश कोर्चाक यांचे. आणि त्या नावाशेजारीच त्यांच्या मुलांचा उल्लेख आहे. ज्यांना त्यांनी आयुष्यात कधी अंतर दिले नाही, त्यांच्यापासून स्मारकातही त्यांना कोणी वेगळे केलेले नाही.